साग की शिवण? सत्तरीतल्या काजूच्या जमिनीसाठी सल्ला हवा

काजूबाग

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत आमची वाडवडिलांची काजूची जमीन आहे, पाऊण हेक्टरच्या आसपास. वरच्या अंगाची झाडं म्हातारी झालीत. खोडांतून भुसा गळतो, बुंध्याला डिंक येतो आणि एखादं झाड उभ्या उभ्या वाळून जातं. यंदा बिया गोळा करणाऱ्या बाईची मजुरीसुद्धा सुटली नाही.

तर ही झाडं टप्प्याटप्प्याने काढून दुसरं काहीतरी लावायचं घाटतंय. जमीन अशी: अगदी वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, मग उतार, आणि तळाला व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) आमचं छोटं कुळागर. सुपारी, केळी, थोडी मिरी. कुळागराला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, लागतो म्हणून पानगळीचीच झाडं हवीत. उन्हाळ्यात वर चढून पाणी घालायला कोणी नाही.

आई म्हणते साग, मामा म्हणतो शिवण. शिमग्याला दोघं समोरासमोर आली आणि जेवण होईपर्यंत तेच चाललं होतं. मी पणजीत नोकरी करणारा माणूस, मला दोन्ही झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात आणि दोन्हीचं लाकूड विकलं जातं, याच्यापलीकडे काही ठाऊक नाही. पावसाआधी ठरवायचंय. ज्यांनी खरोखर लावलंय त्यांनी लिहावं.

फोंडेकर७

साग. विचार कसला करताय? टिश्यू कल्चरची रोपं मिळतात, सरळसोट वाढतात, १५ वर्षांत तोडणीला येतात. माझ्या ओळखीचा एक एजंट एकरी हजार रोपांचा हिशेब करून देतो. मुलीच्या लग्नाची सोय झाली म्हणून समजा. शिवणीला विचारतं कोण?

सासष्टीकर

मुलगी आहे का पण त्यांना?

मेस्त_डिचोली

फोंडेकर, मी लाकूडकाम करतो, वडीलही तेच करायचे. परसात लावलेला साग घेऊन लोक आमच्याकडे येतात, "पंधरा वर्षांचा आहे, दारं करून द्या." बाहेरून ओंडका बरा दिसतो. करवतीखाली घातला की मध्ये मनगटाएवढा तपकिरी गाभा आणि भोवती सगळं पांढरं. सागाला जो भाव आहे तो त्या गाभ्याचा. तेल गाभ्यात असतं, त्यामुळे वाळवी तोंड लावत नाही आणि आपल्या पावसात दार फुगत नाही. पांढऱ्या भागात ते गुण नाहीत. त्याचं टेबल केलं तर दोन पावसाळ्यांत खाली पिठासारखी पूड पडायला लागते. मग गिऱ्हाईक येऊन मलाच विचारणार, हा कसला साग!

टिश्यू कल्चर म्हणजे एका चांगल्या झाडाच्या हुबेहूब प्रती. रोपं एकसारखी येतात, ते खरं. पण गाभा भरायला जी वर्षं लागतात ती लागतातच. जुन्या घरांच्या दारांचा साग पन्नास-साठ आणि त्याहूनही जास्त वर्षांच्या झाडांचा आहे.

आता शिवण. लाकूड फिकट पिवळसर, हलकं, रंध्याखाली लोण्यासारखं. वाळताना वाकत नाही, फारसं तडकत नाही, म्हणून दाराच्या चौकटीत बसवायच्या फळ्या, कपाटं, देव्हारे, वाद्यांची खोडं याला उत्तम. नक्षी हवी असेल तर मी सागापेक्षा शिवण पसंत करीन, छिनीला त्रास देत नाही. पण उघड्यावर पावसात राहणारं काही शिवणीचं करू नका. जमिनीत पुरायचा खांब तर नाहीच.

फोंडेकर७

मग ते एवढे लोक एकरएकर लावतात ते वेडे का?

मेस्त_डिचोली

वेडे नाहीत, वाट बघतायत.

दोडामार्गकर

हे "एकरी हजार" प्रकरण नव्वदच्या दशकात आमच्याकडे जोरात होतं. सागाचे युनिट विकत घ्या, वीस वर्षांत लाखो रुपये मिळवा, अशा जाहिराती वर्तमानपत्रात पानभर यायच्या. लोकांनी निवृत्तीचे पैसे घातले. शेवटी सेबीला १९९९ मध्ये अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. एजंटचा हिशेब ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

आणि हजार रोपं म्हणजे २ × २ मीटरवर लागवड. ती दाट असते ती मुद्दाम, झाडं उजेडासाठी सरळ वर जावीत म्हणून. पुढे दर काही वर्षांनी विरळणी करून शेवटी त्यातली थोडकीच मोठी होऊ द्यायची असतात. विरळणी केली नाही तर हजारच्या हजार काठ्या होतात. आमच्या तालुक्यात अशा काठ्यांची रानं वाटेल तेवढी दाखवतो. तोडायला कोणाचा हात उठत नाही, शिवाय परवानगीचा व्याप.

पानगळ

वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

साग आणि शिवण एकाच कुळातली, आणि ते कुळ तुळशीचं. पूर्वी दोघांना निर्गुडीच्या कुळात बसवत. त्यामुळे दोन्हींत साम्य आहे: दोघांनाही भरपूर ऊन लागतं, दोघांनाही मुळाशी साचलेलं पाणी खपत नाही, आणि दोघांनाही खोल माती हवी. घोळ इथेच आहे. धागाकर्त्याने "अगदी वर सडा" असं लिहिलंय. साग की शिवण हा प्रश्न सड्यावर लागूच होत नाही. जांभ्याच्या कातळावर वीतभर माती असेल तर दोन्ही झाडं पहिली काही वर्षं वाढतील, मग मुळं कातळाला टेकली की खुरटतील.

सागाला त्यातल्या त्यात चुना असलेली, फार आंबट नसलेली माती मानवते. आपली जांभ्याची माती आंबट, वरून सत्तरीचा पाऊस, चुना धुऊन जाणारच. नीलंबूरला ब्रिटिश कलेक्टर कॉनोलीने १८४० च्या दशकात लावलेला साग अजून उभा आहे. लोक त्याचे फोटो टाकतात आणि म्हणतात बघा केरळात कसा येतो. तो नदीकाठच्या गाळाच्या मातीत आहे हो! तिथला साग पाहून सड्यावर रोपं लावणं म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या खाजनातलं भात बघून डोंगरावर तेच कोरगुट भात पेरणं.

शिवणीलाही खोल, ओल धरणारी माती आवडते, किंबहुना ओलीच्या बाबतीत ती जास्त हट्टी. पण मातीच्या आंबटपणाला ती सागाएवढी नाकं मुरडत नाही. माती बरी असेल तर शिवण पहिल्या पाच-सहा वर्षांत सागाला मागे टाकते. फक्त ती सरळ वाढेल अशी आशा नको. फांद्या खालूनच फुटतात, पसरतात. लाकूड हवं असेल तर कोवळेपणीच खालच्या फांद्या छाटत राहायला लागतं.

तेव्हा काजूबाग, आधी खड्डे खणा. वर एक, उताराच्या मध्यावर एक, कुळागराच्या वर एक. पहार कुठे "टण्ण" वाजते ते बघा आणि इथे लिहा. त्याआधीची सगळी चर्चा हवेत.

कुळागरीण

माझा प्रश्न पातेऱ्याचा, कारण धागाकर्त्याला कुळागर जपायचंय असं दिसतं.

आमच्या कुळागराच्या वरच्या बाजूला सासऱ्यांनी लावलेला साग आहे. पाचोळा भरपूर पडतो, नाकारत नाही. पण पान बघितलंय का सागाचं? सुपासारखं मोठं आणि खरखरीत. वाळलं की कडक होतं, एकावर एक थर बसतो, सुपारीच्या आळ्यात घातलं तर पहिला पाऊस वरून वाहून जातो. आम्ही ते आधी गोठ्यात पसरतो, गुरांनी तुडवलं आणि शेणात भिजलं की मगच आळ्यात. गुरं नसतील त्यांनी काय करायचं? शिवणीचं पान पातळ, हृदयाच्या आकाराचं. मृगाचा पाऊस पडला की महिन्या-दोन महिन्यांत त्याची माती होते. एक पांदीकडेची शिवण आहे, तिचा पातेरा मी केळीसाठी राखून ठेवते.

दुसरं म्हणजे थेंब. सागाच्या पानावर पाणी साठून साठून मोठे थेंब होतात आणि उंचावरून दणादण खाली पडतात. खाली पातेरा असेल तर ठीक. झाडून नेला किंवा जाळला असेल तर उघड्या मातीला त्या थेंबांनी खड्डे पडतात आणि आषाढात माती व्हाळात. तुमचा उतार आहे, तळाला कुळागर आहे. पातेरा खाली न्यायचा आणि माती वर राहायची, सागाखाली दोन्ही जमत नाही.

सावलीचंही सांगते. शिवण फाल्गुनाच्या सुमाराला उघडी पडते, उघड्या फांद्यांवर फुलं येतात आणि लगेच पालवी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात सावली परत हजर. साग मात्र पाऊस तोंडावर येईपर्यंत तसाच उभा.

सासष्टीकर

शिवणीची फुलं! कोणी नीट बघितलीत का? बाहेरून तपकिरी मखमल, आतून पिवळी, खालची पाकळी जिभेसारखी पुढे आलेली. आमच्या शाळेच्या वाटेवर पडलेली असायची, आम्ही मुळाकडून चोखायचो. मोठे काळे भुंगे असे घुसतात त्यात की पाठ पिवळी करूनच बाहेर येतात.

लाकूडबिकूड सोडा, या एवढ्यासाठी एक तरी लावा.

दोडामार्गकर

फुलं झाली, आता फळांचं नि गुरांचं. शिवणीची पिवळी फळं मे महिन्यात खाली पडतात. गुरं, भेकरं, सांबरं, वटवाघळं सगळी खातात. झाडासाठी चांगलंच, पण रोपांसाठी वाईट, कारण शिवणीचा पालाही त्यांना तितकाच आवडतो. मोकाट गुरं असलेल्या गावात कुंपणाशिवाय शिवण लावलीत तर जुलैत लावलेली रोपं दसऱ्याला काठ्या झालेली दिसतील. सागाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आईच्या बाजूने एवढं एक कलम लिहून ठेवा. सत्तरीत गवे आहेत, ते काय खातात यापेक्षा कुठून चालतात ते जास्त महत्त्वाचं. त्यांच्या वाटेवर काहीच टिकत नाही.

कीड दोघांनाही आहे. सागावर नवी पालवी आली की अळी पडते, आणि पावसाच्या शेवटी दुसरी अळी येऊन पानांच्या नुसत्या शिरांच्या जाळ्या ठेवते. रस्त्याने जाताना लोकांना वाटतं साग वाळला. वाळत नाही, पण वाढ खुंटते. शिवणीवर एक भुंगा येतो. प्रौढही पानं खातो आणि अळ्याही. नुसतीच शिवण शेकड्यांनी लावली तर हा भुंगा रान उघडं करतो. इतर झाडांत मिसळून लावली तर एवढा जोर करत नाही. म्हणून मी एकच जात भरून लावायच्या विरोधात आहे, मग ती कुठलीही असो.

आग पण लक्षात घ्या. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास किती ठिकाणी पेटलं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. सागाचा कडक पातेरा धडाधडा पेटतो. मोठा साग आगीतून वाचतो, पण लहान रोपं आणि शेजारच्याची काजू नाही वाचत. काजूचं रान डिसेंबर-जानेवारीत बेणतात, म्हणजे झाडोरा कापून साफ करतात, तेव्हाच कडेने चर मारून पातेरा ओढून घ्या.

फोंडेकर७

सगळे सागाच्या मागे हात धुऊन लागलेत. एक सांगा, विकायला गेलं तर शिवणीला काय मिळतं?

मेस्त_डिचोली

सागाच्या गाभ्यापेक्षा बरंच कमी. त्यात वाद नाही. पण पंधरा-वीस वर्षांची शिवण मी घेईन, कारण त्या वयात तिचं लाकूड कामाचं असतं. त्या वयाचा साग मी जळाऊपेक्षा थोड्या वरच्या भावात घेईन. हिशेब तुम्हीच करा. शिवाय शिवण तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. सागालाही येतात म्हणा.

म्हापशाचा_वकील

कायद्याचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. गोव्यात वृक्ष संरक्षण कायदा १९८४ पासून आहे. जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर खोडाचा व्यास ५ सेंटीमीटर आणि उंची किमान १ मीटर झाली की ते कायद्याच्या नजरेत झाड. स्वतःच्या जमिनीतलं, स्वतः लावलेलं असलं तरी तोडायला वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि बदली झाडं लावायची अट येते. त्यामुळे विरळणीही "आज सकाळी जाऊन कापली" अशी होत नाही. म्हाताऱ्या काजूंनाही हात लावण्याआधी वाळपईच्या कार्यालयात विचारून या. लावलेल्या झाडांची तारीख, फोटो, रोपांची पावती जपून ठेवा. पुढच्या पिढीला अर्ज करताना हेच कागद कामाला येतात.

सासष्टीकर

वकीलसाहेब, गावात एक बोलवा आहे की रानझाडं लावली की सरकार जमीन "खासगी वन" म्हणून नोंदवतं, मग घर बांधायचंही वांधं. आमच्या शेजाऱ्याने याच भीतीने आपोआप उगवलेली किंदळ उपटून टाकली. खरं की खोटं?

म्हापशाचा_वकील

अर्धं खरं म्हणून जास्त पसरलेलं. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खासगी जमिनीवरची वनं ओळखायचं काम सुरू झालं, त्यासाठी गोव्यात सावंत आणि करापूरकर समित्या झाल्या. निकष तीन आहेत: क्षेत्र किमान ५ हेक्टर, ७५ टक्के झाडं वनजातीची, आणि छत्रघनता, म्हणजे जमिनीवरचं फांद्या-पानांचं आच्छादन, ०.४ पेक्षा कमी नको. तिन्ही एकत्र लागतात. पाऊण हेक्टर काजूत दहा-वीस शिवणी लावल्याने कोणी जमीन नेत नाही. मात्र तुमचा तुकडा मोठ्या सलग रानाला चिकटून असेल तर सर्व्हे नंबर एकदा तपासून घ्यावा. हा फुकट सल्ला आहे, खड्डे खणायच्या आधी कागद बघा.

काजूबाग

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पानगळ सर, खड्डे खणले. शनिवारी गावच्या एकाला घेऊन गेलो. वर सड्यावर पहार गुडघ्याच्या आत वाजली, खाली नुसता चिरा. तो माणूस म्हणाला, इथे झाड नको, खाण काढा. उताराच्या मध्यावर कमरेच्या जरा खाली लालसर माती, मग मुरूम. कुळागराच्या वरच्या पट्ट्यात मात्र कमरेपर्यंत खणलं तरी काळपट, भुसभुशीत माती, आणि एप्रिल असून मुठीत धरली तर गोळा होतोय. तिथे गांडुळं पण दिसली.

आईला फोटो दाखवले. ती म्हणते, मग खालच्या पट्ट्यात साग लाव. आता काय बोलू?

पानगळ

आईंचं चुकत नाही, त्या पट्ट्यात साग येईल. पण ती तुमच्या जमिनीची सगळ्यात चांगली माती आहे, कुळागराला लागून आहे, आणि ओल धरते. तिथे शिवण लावा. थोडं अंतर राखून, पाच-सहा मीटरवर. आईंसाठी उताराच्या मध्यावर, जिथे पाणी निचरतं, तिथे चार-पाच साग लावा. नातवंडांच्या दारासाठी. बाग म्हणून नको.

सड्यावर काही लावू नका. तिथे काजू काढल्यावर आपोआप काय उगवतं ते बघा. तुमच्या भागात माट्टी आणि किंदळ येणारच. माट्टी म्हणजे ऐन, खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी, आणि जांभ्यावर हजारो वर्षं काढलेलं झाड. तोही पानगळीचा. वाढ हळू, पण पातेरा तुम्हाला देईलच. रोपटी ओळखायला सोपी: माट्टीचं पान उलटं करा, देठाजवळ दोन बारीक गाठी दिसतील. फळाला पाच पंख असतात. किंदळीच्या फळांचे झुपके पावसाळा संपताना तांबूस होतात, तेव्हा अख्खा डोंगर गंजल्यासारखा दिसतो. अशी रोपं दिसली की काठी पुरून खूण करा, म्हणजे बेणणीवाला कोयता चालवणार नाही. बाकी त्यांचं ती बघतात.

कुळागरीण

आणि सड्याजवळ रोयण, म्हणजे वाळवीचं वारूळ, असेल तर मोडू नका. पहिल्या पावसानंतर अळमी (रानातली अळंबी) तिथेच येतात. झाडं लावायच्या नादात लोक रोयणी सपाट करतात आणि मग बाजारात अळम्यांचा भाव विचारतात.

फोंडेकर७

चार-पाच साग! बरं. चार तर चार.

काजूबाग

मामाला फोनवर सांगितलं. "मी हेच म्हणत होतो" म्हणाला. तो हेच म्हणत नव्हता, पण असो.

शिवणीची रोपं कुठे मिळतील? नर्सरीत विचारलं तर साग, सुरू आणि अकेशिया एवढंच आहे.

दोडामार्गकर

अकेशिया चुकूनही नको. त्याच्या पाचोळ्याखाली काही उगवत नाही आणि पातेऱ्याचा कुळागराला काडीचा उपयोग नाही.

शिवणीला नर्सरी कशाला? मे महिन्यात झाडाखाली पडलेली पिवळी फळं गोळा करा, गुरांच्या आधी पोचा. बादलीत भिजवून गर चोळून काढा, दोन-चार दिवस सावलीत वाळवा आणि वाळू-मातीच्या वाफ्यात पेरा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. एका कोयीत दोन-तीन बिया असतात, कधी एकाच जागी जोड रोपं येतात. त्यातलं जोमदार ठेवा. बी जुनं ठेवू नका, वर्षभरात उगवण घटते. गोठ्यात गुरांनी रवंथ करून थुंकलेल्या कोयी मिळाल्या तर त्या आधी पेरा, त्या छान उगवतात.

सागाचं बी मात्र असं पटकन येत नाही. वरचं आवरण जाड आणि लोकरीचं. ते आलटून पालटून भिजवत आणि उन्हात वाळवत बसावं लागतं, तरी उगवण बेभरवशाची. चार झाडांसाठी सरळ जडी आणा, म्हणजे अंगठ्याएवढी मुळी आणि वर दोन-तीन सेंटीमीटर खोड ठेवून छाटलेलं रोप. जूनमध्ये पहारीने भोक पाडून खोचायचं आणि भोवतीची माती पायाने घट्ट दाबायची.

सासष्टीकर

आमच्या शाळेच्या वाटेवरची शिवण अजून आहे. यंदा भरपूर लागलीय. मडगावला कोणी येणार असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात पिशवीभर काढून ठेवतो. व्यक्तिगत निरोप टाका.

काजूबाग

टाकलाय. बादलीभर चालेल का?

कुळागरीण

माझ्यासाठी पण थोड्या. आणि काजूबाग, कुंपणाचं आजच बघा, गडग्याचे चिरे पावसाआधी रचून घ्या. जूनमध्ये गडी मिळत नाही.